परसातले काजू आणि ओठावरचा फोड

वाचकाचे पत्र: आम्ही डोंबिवलीत राहतो. माझे सासर कुडाळ तालुक्यातील एका गावी असून घरामागच्या परसात सासऱ्यांनी १९९८ साली लावलेली काजूची तीन कलमे आहेत. सासरे चार वर्षांपूर्वी गेले. बाहत्तर वर्षांच्या सासूबाई एकट्याने घर सांभाळतात आणि काजू वेचण्याच्या कामावर त्यांचा फार जीव आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे तेथे असताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने कच्ची काजूबी दातांनी फोडली. त्याच्या ओठांवर आणि हनुवटीवर फोड आले, कातडी सोलवटली आणि महिनाभर काळे डाग राहिले. त्यानंतर मी त्याला आणि तेरा वर्षांच्या मुलीला झाडाखाली जाऊ दिले नाही. सासूबाईंना ते लागले. "आमची पोरां काय काजी येचल्याशिवाय मोठी झाली?" एवढेच त्या म्हणाल्या. यंदा झाडे शेजाऱ्यांना मक्त्याने द्यावीत, असा माझ्या यजमानांचा विचार आहे. दिरांना तो मान्य नाही. पण वेचायला मात्र तेही येत नाहीत. वीस-बावीस किलो बियांसाठी मुलांना धोक्यात घालावे का? आणि बिया घरी भाजता येतील का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देते आणि मग कारणांकडे वळते. मुलांना झाडाखाली अवश्य जाऊ द्या. बिया फोडण्याच्या आणि भाजण्याच्या जागी मात्र त्यांना फिरकू देऊ नका. बिया घरात भाजू नयेत आणि झाडे मक्त्याने देऊ नयेत, असे मला वाटते. तुमच्या मुलाला जी इजा झाली ती काजू वेचताना झाली नाही, काजू फोडताना झाली. गेल्या वर्षी त्या प्रसंगाच्या धक्क्यात तुम्ही ही दोन कामे एकच मानलीत. आईच्या जागी मी असते तर त्या दिवशी मीही तेच केले असते. परंतु आता वर्ष उलटले आहे आणि ती दोन्ही कामे एकमेकांपासून वेगळी करता येतात.

काजूबीच्या टरफलाला दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये पोळ्यासारख्या बारीक कप्प्यांत एक दाट, तपकिरी, दाहक तेल भरलेले असते. रंग, वार्निश आणि गाड्यांच्या ब्रेकचे अस्तर यांसाठी कारखान्यांत वापरले जाते ते हेच तेल. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे आहेत, ही गोष्ट आपण सहसा लक्षात ठेवत नाही. बिब्बा अंगावर उततो म्हणजे काय होते, हे जुन्या माणसांना ठाऊक असते. काजूचे तेल त्याचेच भावंड आहे. अखंड बी हातात धरल्याने सहसा काही होत नाही. तिला चीर गेली, ती ठेचली, कापली किंवा दातांखाली आली की तेल बाहेर येते आणि ओठ, पापण्या, बोटांच्या बेचक्या अशा नाजूक जागी सर्वांत जास्त त्रास देते. म्हणून घरातील लहानांसाठी एकच नियम पुरेसा आहे आणि तो आजीने सांगितला तर अधिक टिकेल: काजूची बी तोंडात जात नाही, दगडाखाली जात नाही आणि चुलीत टाकली जात नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत एक काळजी मात्र जास्त घ्यायला हवी. या तेलाची बाधा काही जणांना एकदा झाली की पुढच्या वेळी त्यांची त्वचा थोड्याशा स्पर्शानेही जोरात उलटते आणि पुरळ लगेच न येता एक-दोन दिवसांनी उठते. त्यामुळे ते कशाने उठले हेच घरात कळत नाही. कैरीचा चीक लागून त्याचे ओठ फुटतात का, हे आठवून पाहा. तसे होत असेल, तर गावी जाण्यापूर्वी त्वचेच्या डॉक्टरांना गेल्या वर्षीची हकिकत सांगून त्यांचा सल्ला घ्या आणि वेचतानाही त्याला पातळ रबरी हातमोजे घालायला लावा. तेल लागलेच, तर ते आधी कोरड्या कापडाने टिपून काढावे, चोळू नये, आणि मग साबण व भरपूर वाहते पाणी वापरून धुवावे. डोळ्यांत उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन थेट दवाखाना गाठावा. घरगुती उपायांत वेळ घालवू नये. आणखी एक गोष्ट: भाजलेला काजूगर खाऊनही ज्याला खाज, सूज किंवा धाप लागते, त्याची अडचण टरफलाच्या तेलाची नसून खुद्द काजूच्या ॲलर्जीची असू शकते. तुमच्या पत्रात तसे काही नाही. परंतु सुट्टीत पाहुण्यांची मुले येतात, तेव्हा त्यांच्या आईवडिलांना हे विचारून घ्यावे.

आता वेचण्याकडे येते. कोकणातील कामांत मुलांना इतके साजेसे दुसरे काम मला माहीत नाही. आंबा उतरवायला झेला (जाळी लावलेली काठी) लागतो, नारळाला पाडेली (झाडावर चढून नारळ उतरवणारा) लागतो, सुपारीच्या झाडावर चढायला जन्माचा सराव लागतो; काजू मात्र आपल्या पायाने खाली येतो. उलट तो तोडूच नये. बोंडू, म्हणजे बीच्या वरचा रसाळ भाग, पूर्ण पिकला की बीसकट आपोआप गळतो आणि अशी गळलेली बीच भरलेली असते. घाईने झाड हलवून किंवा काठीने झोडपून पाडलेल्या बियांत पोचट बिया जास्त निघतात आणि मागचा मोहोरही झडतो. झाडावर चढण्याचा तर प्रश्नच नाही. काजूच्या फांद्या खाली, जमिनीशी लोळणाऱ्या आणि मुलांना मोह घालणाऱ्या असतात, पण लाकूड ठिसूळ असते आणि कडकन मोडते. हे मी स्वतःच्या मोडलेल्या मनगटावरून सांगते; मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि फांदी माझ्या उंचीच्या वर फार तर हातभर होती.

झाडाखालचा पातेरा हंगाम सुरू होण्यापूर्वी गडीमाणसाकडून झाडून घ्या. वाळलेल्या पानांच्या थरात बी दिसत नाही, आणि फुरसे (विषारी साप) बसलेले असेल तर तेही दिसत नाही. पातेरा जाळण्याऐवजी बुंध्यापासून थोडा दूर, झाडाच्या घेराखाली खड्ड्यात कुजवावा. झाडाला त्याचे खत होते. मुलांच्या पायांत चपला नकोत, बूट हवेत. फांद्यांवर पाने शिवून घरटी करणारे ओंबील (तांबड्या मुंग्या) चावतात, म्हणून बाह्यांचा सदरा घालावा. परंतु ती घरटी जाळू नका. मोहोराचा रस शोषणाऱ्या ढेकण्या या किडीला हेच ओंबील आवर घालतात आणि परसातल्या तीन झाडांना फवारणीपेक्षा तेच बरे.

सकाळी उन्हे चढण्यापूर्वी टोपली घेऊन निघावे, गळलेला बोंडू उचलावा, एका हातात बोंडू आणि दुसऱ्या हातात बी धरून हलकी पीळ द्यावी, की बी सुटते. बीला बोंडूचा गर चिकटून राहता कामा नये, कारण तो कुजतो आणि बीला बुरशी लागते. मुलांना हे काम दोन मिनिटांत येते. खरी शिस्त रोज वेचण्यात आहे. दोन दिवस बिया खाली राहिल्या तर अर्ध्या केलडी (माकडे), साळिंदर आणि येणारे-जाणारे नेतात, आणि मे महिन्यात वळीव पडला की भिजलेली बी काळी पडते.

तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे, म्हणून तिच्यासाठी दोन प्रयोग सुचवते. वेचलेल्या बिया पाण्याने भरलेल्या बादलीत टाकायच्या. भरलेली बी बुडते, पोचट बी तरंगते. तरंगणाऱ्या बाजूला काढून बुडालेल्या लगेच निथळून उन्हात घालायच्या. दुसरा प्रयोग असा की वाळलेल्या बिया एक किलो तोलून मोजायच्या. तुमच्या सासऱ्यांनी १९९८ साली कलमे लावली असल्यामुळे ती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जातींपैकी असण्याची शक्यता मोठी आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून निघालेल्या 'वेंगुर्ला-४' या जातीचा बोंडू लाल असतो आणि किलोला सुमारे १३० बिया भरतात. त्यानंतर आलेल्या 'वेंगुर्ला-७' चा बोंडू पिवळा आणि बी टपोरी, किलोला सुमारे १००. आजोबांनी कोणते कलम आणले होते, हे नातीने तराजू आणि बोंडूचा रंग यांवरून शोधून काढावे आणि आजीला सांगावे. आजीला ते बहुधा ठाऊकच असेल, आणि त्या निमित्ताने ती कलमे कशी आली, कोणी खड्डे मारले, पहिली बी कधी मिळाली, हे सारे मुलांच्या कानांवर पडेल.

अंगणात बिया दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसराव्यात, दिवसातून तीन-चार वेळा हाताने किंवा पायाने हालवाव्यात आणि रात्री झाकाव्यात. ओंजळीत घेऊन हालवल्यावर खुळखुळल्या आणि नखाने टरफलावर ओरखडा उठला नाही, की वाळल्या. मग गोणपाटात भरून फळीवर, भिंतीपासून सुटे ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना घाम सुटतो, म्हणून ती नको.

येथे तुमच्या कुटुंबाची खरी अडचण वेळापत्रकाची आहे, असे पत्रावरून दिसते. काजूचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत चालतो आणि शहरातली मुले परीक्षा संपवून गावी पोहोचतात तेव्हा तो सरत आलेला असतो. मुलांच्या वाट्याला शेवटची, तुरळक वेच येते. भरगच्च दिवसांत सासूबाई एकट्या वाकून वेचतात. म्हणून यंदा दोन फेऱ्या करा, असा माझा आग्रह आहे. शिमग्याला चार दिवस जा. पालखी घरी येते, गावात चाकरमानी आलेले असतात, आणि झाडावर तेव्हा मुलांनी आवर्जून पाहावे असे काही असते: हिरवी, पुरी वाढलेली बी खाली लोंबते आहे आणि तिच्या डोक्यावर बोंडू जेमतेम बोराएवढा आहे. काजूची बी आधी वाढते, बोंडू मागाहून फुगतो आणि तो फुगेपर्यंत बी उलट किंचित आकसते. जे आपण फळ म्हणून खातो तो खरे पाहता फुगलेला देठ आहे आणि खरे फळ म्हणजे ती बी. पाठ्यपुस्तकात हे वाचलेली मुले पुष्कळ भेटतात, स्वतः पाहिलेली फार थोडी. दुसरी फेरी परीक्षा संपताच, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात करा. मेची वाट पाहू नका.

शिमग्याच्या फेरीत ओल्या काजूंचा विषय निघणारच. ओल्या काजूगराची उसळ, कुयरीच्या (कोवळ्या फणसाच्या) भाजीत घातलेले काजूगर, यांसाठी आम्ही वर्षभर थांबतो आणि ते खाऊ नका असे मी सांगणार नाही. परंतु धोका सर्वांत जास्त आहे तो नेमका येथे. हिरवे टरफल मऊ असते, कोयत्याखाली चिरताना तेल चिळकांडीसारखे उडते आणि काढणाऱ्या बायकांची बोटे काळी पडून आठवडाभर सोलतात. मी त्या हातांकडे लहानपणी पाहिले आहे आणि बाजारात ओले काजूगर महाग का, असे कोणी म्हणाले की ते हात मला आठवतात. हे काम सासूबाईंनी आणि तुम्ही करावे. हातांना मनगटापर्यंत खोबरेल तेल चोळून वर चुलीतली राख लावावी, बी उभी चिरून गर बांबूच्या अणकुचीदार काडीने उचलावा, तो गरम पाण्यात टाकून साल काढावी. मुलांकडे गर आला पाहिजे तो धुतलेला. तो वाटीत जमवण्याचे काम त्यांना द्या. तेवढ्याने उसळ त्यांची स्वतःची होते. फार काजू ओले उतरवू नका, कारण जितके आता खाल तितके एप्रिलमध्ये वाळवायला कमी.

भाजण्याबाबत तुम्ही विचारले आहे. स्वयंपाकघरात, गॅसवर, कढईत, ओव्हनमध्ये किंवा कुकरमध्ये सालासकट बिया कधीही भाजू नका. टरफलातले तेल तापून भडकते आणि त्याचा धूर डोळे, घसा, छाती यांना बाधतो. बंद घरात तर तो कोंडून राहतो. जुन्या पद्धतीत तळाला भोके पाडलेला पत्र्याचा डबा अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर ठेवतात, तेल भोकांतून गळते, बिया पेटतात, त्या काळ्या झाल्या की राखेत किंवा वाळूत ओतून विझवतात आणि निवल्यावर राख लावलेल्या हातांनी दगडावर फोडतात. त्या भाजलेल्या गराचा खरपूस वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही, आणि सासूबाईंना तो नातवंडांना द्यावासा वाटत असेल तर मला त्यात गैर दिसत नाही. तसे असेल तर एकदाच, अर्धा किलो बियांपुरते, घरापासून दूर, शेजारी वाळूचा ढीग ठेवून करा. जाळ उसळला तर पाणी ओतायचे नाही, तेलाचा भडका पाण्याने पसरतो, वाळूच टाकायची. चुलीशी फक्त तुमचे यजमान असावेत, मुले वाऱ्याच्या वरच्या बाजूला दहा-पंधरा पावलांवर, आणि तुमचा मुलगा त्याहूनही लांब, कारण त्याची त्वचा धुरानेही उलटू शकते. घरात कोणाला दमा असेल तर हा बेतच रद्द करावा.

बाकीच्या सगळ्या बिया प्रक्रियेला द्या. कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात लहान काजू कारखाने पुष्कळ आहेत. त्यांतील कोणी मजुरी घेऊन घरच्या बिया फोडून देतो का, हे सासूबाईंना गावात विचारायला सांगा. तेथे बिया वाफवतात, त्यामुळे धूर होत नाही, मग हातापायाने चालणाऱ्या यंत्रावर एकेक कापतात, गर सुकवतात आणि वरची तांबूस साल काढतात. चार किलो बियांमागे साधारण एक किलो गर मिळतो, म्हणजे तुमच्या बावीस किलोंचे सव्वापाच-साडेपाच किलो होतील. मजुरी जाऊनही विकतच्या काजूपेक्षा ते स्वस्त पडतील.

तुमच्या यजमानांचा मक्त्याचा विचार मला समजतो. मुंबईतून तीन झाडांची राखण होत नाही आणि आईने उन्हात वाकावे, हे त्यांनाही बघवत नसणार. परंतु मक्ता दिला की हंगामभर झाडाखाली पाऊल ठेवायला सासूबाईंना दुसऱ्याची परवानगी लागेल, आणि पतीने लावलेल्या झाडांच्या बाबतीत बाहत्तराव्या वर्षी त्यांच्यावर ती वेळ आणू नये, असे मला मनापासून वाटते. त्याऐवजी शेजारच्या एखाद्या विश्वासातल्या बाईला मार्च-एप्रिलपुरते अर्ध्या वाट्याने वेचायला सांगावे: वाकण्याचे काम तिचे, वाळवण्यावर आणि तोलण्यावर देखरेख सासूबाईंची. गोणपाटावर तारीख आणि वजन लिहिलेली चिठ्ठी लावावी. दिरांची तक्रार त्याने निम्मी मिटेल. उरलेली निम्मी त्यांना एप्रिलच्या त्याच आठवड्यात सहकुटुंब बोलावल्याने मिटेल. कोणाला किती गर द्यायचा हे मात्र मुलांनी किंवा सुनांनी ठरवू नये. झाडे सासूबाईंच्या ताब्यात आहेत, वाटा त्यांनी घालावा, आणि त्यांनी एखाद्याला मूठभर जास्त घातले तर इतरांनी ते पाहिलेले नसावे.

बोंडूंचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही. पण ते वाया जाताना पाहून मला दरवर्षी हळहळ वाटते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून हे झाड आणले, 'काजू' हा शब्दही त्यांच्या 'काझू' वरून आपल्याकडे आला, आणि गोव्यात बोंडूच्या रसापासून हुर्राक आणि फेणी ही मद्ये होऊ लागली. आपल्याकडे मात्र बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजतात. क जीवनसत्त्व त्यात संत्र्याहून कितीतरी जास्त असते. तो एका दिवसात आंबतो, म्हणून सकाळी वेचलेला ताजा, न फुटलेला बोंडू धुऊन, देठाकडचा आणि बीकडचा भाग कापून, फोडींना मीठ लावून मुलांना द्या. घसा थोडा खवखवेल, तो त्यातल्या तुरटपणामुळे. फोडी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवल्या तर तुरटपणा कमी होतो. उरलेले बोंडू शेजारच्या गोठ्यात द्या, गुरे आवडीने खातात.

सासूबाईंच्या त्या एका वाक्याला तुम्ही काय उत्तर दिलेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा दिले नसेल. त्या नातवाच्या दुखण्याला हलके लेखत होत्या, असे मला वाटत नाही. आपल्या देखरेखीत पोराला लागले, याची बोच त्यांनाही असणार आणि त्या बोचेवर तुमच्या मनाईने शिक्कामोर्तब झाले. त्यांना फोन करा आणि 'यंदा मुलांना घेऊन येते, वेचायचे कसे ते तुम्हीच शिकवा, तोंडात बी जाणार नाही हे मी बघते' एवढे सांगा. कोणत्या झाडाची बी आधी धरते आणि शिमग्यापर्यंत ओले काजू तयार होतील का, हेही त्यांनाच विचारा.

निघताना मुलांचे जुने, पुन्हा घालायचे नसलेले कपडे बरोबर घ्या, कारण बोंडूच्या रसाचा डाग कशानेही निघत नाही. घट्ट बसणारे रबरी हातमोजे मुलाच्या मापाचे घ्या. मोठ्यांचे मोजे त्याच्या हातातून निसटतील आणि तो ते पहिल्याच सकाळी काढून ठेवील. खोबरेल तेल मात्र नेऊ नका, ते सासूबाईंकडे घरचे असेल.